ओझेलाच्या टेबलाशी अकरा जण

टार्व्हरच्या प्राथमिक शाळेतली पुस्तकांची खोली गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. दर फेब्रुवारीत, काळ्या लोकांच्या इतिहासाच्या महिन्यात, मी खिडकीखालच्या फळीवर मुलांची सचित्र चरित्रपुस्तकं मांडते. बसमध्ये जागेवरून न उठलेल्या बाई, मोर्च्यापुढे चालणारे पाद्री, पोलिसांमधून शाळेत गेलेली चिमुरडी. पुस्तकं चांगली आहेत, मुलांनी हाताळून हाताळून त्यांचे कोपरे मऊ केलेत. पण दरवर्षी तीच तीन-चार माणसं. एकदा दुसरीतली एक मुलगी पुस्तक परत करताना म्हणाली, "मिस सिल्स, आपल्या गावात कुणी काही केलंच नव्हतं का?"

केलं होतं. आणि ज्यांनी केलं होतं त्या माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहत होत्या. त्यांचं नाव ओझेला मेब्री.

मिस ओझेलांचा जन्म एकोणीसशे एकतीसचा. आठवीपर्यंत शिकल्या, मग आई गेली आणि शाळा सुटली. सोळाव्या वर्षी गोऱ्यांच्या लाँड्रीत इस्त्रीला लागल्या. वकिलांचे, डॉक्टरांचे आणि खुद्द शेरीफचे शर्ट त्यांनी सतरा वर्षं कडक केले. "मी बसवलेली कॉलर घालून तो माणूस आम्हाला कचेरीच्या पायरीवरून हाकलायचा," त्या सांगायच्या. "पण दिसायचा मात्र टापटीप."

हाकलायचा, कारण आम्हा काळ्यांना मतदार म्हणून नाव नोंदवायचं असायचं. त्यासाठी चार पानांचा फॉर्म होता, आणि वर राज्यघटनेतला एक उतारा वाचून त्याचा अर्थ सांगायचा. अर्थ बरोबर की चूक, ते कारकून ठरवणार. मिस ओझेला तीनदा नापास झाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी फॉर्ममधला प्रश्न न् प्रश्न डोक्यात साठवला आणि घरी येऊन वहीत उतरवला. नवरा रॉस्को म्हणाला, आता ही गावाला शिकवणार. तो चेष्टेनं म्हणाला होता.

त्रेसष्टचा कापूस वेचून झाला आणि माणसं जरा मोकळी झाली. बुधवारी दुपारनंतर गावातली दुकानं बंद असायची, लाँड्रीही. त्या वेळात मिस ओझेलांच्या स्वयंपाकघरात गोधडी शिवायला बायका जमतात, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. बायका खरंच चिंध्या घेऊन यायच्या. पुरुष मागच्या दारानं सरपण घेऊन यायचे आणि तासभर परत जायचे नाहीत. सगळे मिळून अकरा जण, सगळे स्टँडिफर नावाच्या गोऱ्या जमीनदाराच्या जमिनीत अर्धेलीनं कापूस करणारे, राहायलाही त्याच्याच खोपट्यांत. मिस ओझेलांनी त्यांची नावं कुठंही लिहिली नव्हती.

मदतीला लूटी गेन्स होती. ती आमच्या काळ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका. लूटी आणि ओझेला एकाच ओढ्यात पोहायला शिकलेल्या, एकमेकींच्या लग्नात शेजारी उभ्या राहिलेल्या. मोठ्या माणसांना अक्षरं कशी गिरवायला लावायची ते दाखवायला लूटी दोन बुधवार आली आणि शाळेतले खडू घेऊन आली. मलाही पहिलीत तिनंच वाचायला शिकवलं. हुशार पोर म्हणून मला मधल्या सुट्टीत जवळ बसवायची, घरी न्यायला पुस्तकं द्यायची. मी आज जे काम करते ते तिच्यामुळे करते. आधी मी तिला मिस लूटी म्हणायचे. आता म्हणत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांनी मिळून कचेरीत जायचं ठरलं होतं. त्याआधीच्या शनिवारी सकाळी स्टँडिफरचा मुकादम घोड्यावरून दारोदार फिरला आणि दिवस मावळायच्या आत खोपटी रिकामी करा म्हणाला. दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला खाटा, चुली, कोंबड्यांचे पिंजरे. त्याच दिवशी लाँड्रीच्या मालकानं मिस ओझेलांच्या हातातली इस्त्री काढून घेतली. चर्चच्या आवारात कनातीचे तंबू ठोकले आणि माणसं तिथं राहिली, उन्हाळा लागेपर्यंत. माझे आजोबा एफ्रेम सिल्स त्या तंबूत छातीत थंडी भरून मार्चमध्ये वारले. आमच्या घरी एक वाक्य असायचं: आजोबा मतासाठी गेले. त्या वाक्यावर मी लहानाची मोठी झाले.

सोमवारी मिस ओझेला तरीही कचेरीत गेल्या, बरोबर चौघं. पाचही जण नापास. पुढच्या वर्षी काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा आला, ऑगस्टमध्ये केंद्र सरकारची माणसं नावं नोंदवायला टेबल टाकून बसली, आणि रांगेत पहिल्या मिस ओझेला होत्या. लाँड्रीनं त्यांना परत घेतलं नाही. रॉस्को कामासाठी डेट्रॉइटला गेला. आधी त्याची पत्रं यायची, मग नाताळला नुसतं कार्ड, मग तेही नाही. पुढं वीस वर्षं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचे पाव भाजत होत्या.

नावं कुणी सांगितली, यावर गावात पन्नास वर्षं चर्चा झाली. कुणी लाँड्रीच्या गाडीवानाचं नाव घ्यायचं, कुणी पोस्टमनचं. मिस ओझेला म्हणायच्या, "मेलेल्यांना कशाला उठवता."

दोन हजार चौदा साली डॅनिता गेन्सचं मला पत्र आलं. ती लूटीची नात, अटलांटात वाढलेली, मुलांसाठी पुस्तकं लिहिणारी. लूटी जाऊन तीन वर्षं झाली होती. डॅनिताला आजीच्या गावावर सचित्र पुस्तक करायचं होतं. कुणाला भेटू, असं तिनं विचारलं होतं. मला आनंदानं बसवेना. मीच तिला मिस ओझेलांकडे घेऊन गेले.

तीन दिवस ती आली. टेबलावर रेकॉर्डर ठेवायची आणि नेमकं विचारायची. पडदे कुठल्या रंगाचे होते, गोधडीत कुठले तुकडे होते. मिस ओझेलांनी तिला अकराही नावं दोनदा सांगितली, कोण कुठं बसायचं तेसुद्धा. माझं नाव चार्लसेटा, त्या सेटा म्हणत. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "सेटा, दुकानातून ताक आण बरं." ताक घरात होतं. तरी मी गेले. परत आले तेव्हा रेकॉर्डर बंद होता, डॅनिताचे डोळे लाल होते आणि मिस ओझेला तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला वाटलं, आजीच्या आठवणीनं रडली असेल.

पुस्तक दोन वर्षांनी, मे महिन्यात आलं. गावाच्या वाचनालयात कार्यक्रम ठेवला. मिस ओझेलांनी जांभळी हॅट पेटीतून काढून घातली, जी त्या ईस्टरशिवाय घालत नसत. पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची, शेजारी मी. डॅनितानं पुस्तक उंच धरलं. मुखपृष्ठावर फळ्यापुढे उभी एक तरुण बाई, हातात खडू. नाव होतं 'लूटी आणि अकरा खुर्च्या'.

मी मिस ओझेलांकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

डॅनितानं छान वाचलं, मुलं गप्प बसून ऐकत होती. पुस्तकातल्या लूटीला लहानपणी तिच्या आजीनं सांगितलं होतं की अक्षर म्हणजे दिवा. लूटीनं आपल्या स्वयंपाकघरात अकरा खुर्च्या मांडल्या. लूटीनं सगळ्यांना फॉर्म शिकवला. मग दुष्ट माणसांनी त्यांना घराबाहेर काढलं, पण लूटी डगमगली नाही. नवव्या पानावर पिवळ्या झग्यातली एक बाई कोपऱ्यात लिंबाच्या सरबताचा जग घेऊन उभी होती. तिला नाव नव्हतं.

कार्यक्रमानंतर मिस ओझेलांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्यापासून पान न् पान उलटलं. अर्पणपत्रिकेवर बोट ठेवून त्यांनी मला ती मोठ्यानं वाचायला लावली. 'माझ्या आजीला, आणि टार्व्हरच्या सगळ्या अनाम शूरांना.'

"अनाम," त्या म्हणाल्या. "नावं मी दोनदा सांगितली होती हिला." मग चित्राकडे बघून, "आणि अकरा खुर्च्या कुठल्या? चार होत्या. बाकीचे बादल्या पालथ्या घालून बसायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डॅनिताला घरी बोलावलं. मलाही. कॉफी ठेवली, कपात ओतली, मग बसल्या.

डॅनितानंच सुरुवात केली. प्रकाशकांना एकच नायिका हवी होती, ती म्हणाली. बत्तीस पानांत मुलांना दोन माणसं पेलत नाहीत. आजी शिक्षिका होती. फळा, खडू, मुलं बघताक्षणी ओळखतात.

"इस्त्री ओळखत नाहीत?" मिस ओझेला म्हणाल्या.

"तसं नाही, मिस ओझेला."

"मग कसं? तिसऱ्या दिवशी मी तुला काय सांगितलं होतं?"

डॅनितानं माझ्याकडे बघितलं. "चार्लसेटासमोर नको."

"तिच्यासमोरच. उशीर झालाय, पण तिच्यासमोरच."

डॅनितानं कप बाजूला सारला आणि म्हणाली, "तुम्हीच म्हणालात की तुम्ही तिला माफ केलंत."

"माफ केलं, बाळा. माझं आयुष्य तिच्या नावावर करून नाही दिलं."

मग मिस ओझेला माझ्याकडे वळल्या आणि सपाट आवाजात सांगू लागल्या. "टेबलाशी अकरा जण होते, सेटा. स्टँडिफरनं बाहेर काढले बारा. बारावे तुझे आजोबा. ते माझ्या स्वयंपाकघरात कधी आलेच नव्हते. त्या शनिवारच्या आधीच्या रविवारी चर्चच्या पायरीवर त्यांनी मला गाठलं. म्हणाले, डुकराचं मांस खारवून झालं की पुढच्या बुधवारपासून येतो म्हणतोय. तेव्हा तिथं मी होते आणि लूटी होती. तिसरं कुणी नव्हतं. मी कुणाला बोलले नाही."

मला कळायला वेळ लागला. बोटांवर मोजल्यासारखं मी मनात परत मोजलं. अकरा, आणि एक.

माणसांना काढल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या लूटीकडे गेल्या होत्या. लूटी मागच्या अंगणात कोंबडी साफ करत होती. तिनं हात थांबवले नाहीत. शाळाखात्याच्या साहेबानं बोलावून घेतलं होतं, ती म्हणाली. खडू कुठं जातात ते त्याला कळलं होतं. नावं दे, नाहीतर नोकरी सोड. "माझी तीन पोरं आहेत, ओझेला."

"एफ्रेमला सहा आहेत," मिस ओझेला म्हणाल्या होत्या. "आणि तो तर आलाही नव्हता."

"तो नुसता विचार करतोय, हे मी साहेबांना सांगितलं होतं," लूटी म्हणाली. जसं काही त्याची बाजूच घेतली होती.

मी विचारलं, मग तुम्ही गप्प का बसलात. त्या म्हणाल्या, त्या आठवड्यात गावातली तरुण पोरं बंदुका घेऊन चुगलखोराला शोधत होती. नाव घेतलं असतं तर लूटीचं घर पेटलं असतं, आणि आत तीन लेकरं. पुढं ती शाळेची मुख्याध्यापिका झाली, गावातली सगळी मुलं तिच्या हाताखाली. तूही. "एकदा गप्प बसलं की मग बोलायला रोज नवीन कारण लागतं, सेटा. मला सापडलं नाही. हिला सांगितलं, कारण ही तिचं रक्त आहे. आधी हिला कळावं असं वाटलं. मला वाटलं, ही लिहील किंवा लिहिणार नाही. उलटं लिहील, हे नव्हतं वाटलं."

डॅनिता रडत होती. माझी आजी वाईट नव्हती, म्हणत होती. लहान मुलांच्या पुस्तकात हे कसं लिहू? मैत्रिणीनं मैत्रिणीला विकलं, हे सात वर्षांच्या पोराला कसं सांगू?

"मग लिहायचंच नव्हतं," मिस ओझेला म्हणाल्या.

मी कप टेबलावर ठेवला आणि घरी निघून आले.

माझा राग डॅनितावर होता, पण तो सोपा होता. तिला मी तीन दिवस ओळखत होते. लूटीवर होता, पण ती मातीखाली. तिनं मला मधल्या सुट्टीत जवळ का बसवलं असेल, हुशारीमुळे की आणखी कशामुळे, हे आता कुणाला विचारणार? तिच्या अंत्यविधीला माझी आई स्वतः केक करून घेऊन गेली होती आणि दोन दिवस रडली होती. आई पुढच्या वर्षी गेली, तिला काही कळलं नाही. पण खरा राग बसला मिस ओझेलांवर. त्या माझ्या आईशेजारी चाळीस वर्षं चर्चमध्ये बसल्या. आमच्याकडे दर रविवारी जेवल्या. आजोबा मतासाठी गेले, असं आई म्हणाली की मान हलवायच्या. आजोबा मतासाठी गेले नव्हते. त्यांनी एक अक्षरही गिरवलं नव्हतं. पायरीवर उभं राहून बोललेल्या एका वाक्यासाठी ते गेले.

पाच महिने मी त्या घराकडे बघितलं नाही. दुकानात दिसल्या तर दुसऱ्या बाजूनं जायची.

दरम्यान, जूनमध्ये मिस ओझेलांनी त्या अकरा जणांच्या आणि लूटीच्या घरच्यांना प्रार्थनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. मी गेले नाही, मला नंतर कळलं. लूटीचा मुलगा वेंडेल उभा राहिला म्हणे. माझी आई उत्तर द्यायला नाही, म्हणून आता तोंड उघडलं का, असं त्यानं विचारलं. पुस्तकात नाव आलं नाही म्हणून म्हातारी जळतेय, असंही कुणी मागून बोललं. पण मिस ओझेलांना सगळ्यात लागलं ते आर्डेलिया टर्नरचं बोलणं. तिचे वडील अकरांपैकी एक. ती म्हणाली, "पन्नास वर्षं तू माझ्या शेजारी उभी राहून गाणी म्हटलीस, ओझेला. आणि तुला माहीत होतं." मिस ओझेला म्हणाल्या, हो. त्यानंतर आर्डेलियानं बाक बदलला. बऱ्याच जणांनी बदलला. पाद्रीबुवांनी, मेलेल्यांना शांती लाभो, एवढीच प्रार्थना केली.

पुस्तक मात्र चाललं. राज्यात कुठलंसं बक्षीस मिळालं. आमच्या मुख्याध्यापिकेनं पंधरा प्रती मागवल्या आणि डॅनिताला वाचायला शाळेत बोलावलं. त्या दिवशी मी रजा टाकली. पुस्तक मी लपवलं नाही, पुस्तकं लपवणं माझ्या कामात बसत नाही. फळीवर ठेवलं, बाकीच्यांसारखंच. मुलांना आवडतं. मी स्वतः ते कुणाला वाचून दाखवत नाही.

ऑक्टोबरमध्ये मिस ओझेला न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शेजारणीनं मला हाक मारली, कारण दुसरं कुणी येणार नव्हतं. दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसले. माफी त्यांनी मागितली नाही. नर्सनं नात का, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही. एफ्रेम सिल्सची नात." मी त्यांची उशी नीट केली. घरी आणल्यावर रोज संध्याकाळी डबा नेऊन देऊ लागले. एका संध्याकाळी मी वही नेली आणि अकरा नावं लिहून घेतली. ती नावं आणि खरी हकीकत कळवून मी प्रकाशकांना पत्र पाठवलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं, अगदी गोड शब्दांत. पुढच्या आवृत्तीत शेवटच्या पानावर एक ओळ छापू, म्हणाले. छापलीही: 'या गोष्टीतले काही तपशील काल्पनिक आहेत.'

मिस ओझेलांनी भिंगातून ती ओळ वाचली. "कुठले, ते लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी पुस्तक मला परत दिलं.

दोन हजार अठराच्या जानेवारीत त्या झोपेतच गेल्या. चर्च अर्धं भरलं होतं. डॅनितानं पांढऱ्या लिलींचं मोठं पुष्पचक्र पाठवलं होतं. चर्चच्या कारकुनानं त्यांचं छोटंसं जीवनचरित्र छापून वाटलं होतं, आणि पाद्रीबुवांनी ते व्यासपीठावरून वाचलं. जन्म, लग्न, शाळेच्या स्वयंपाकघरातली वीस वर्षं. मग: 'मतदार नोंदणीच्या लढ्यात त्यांनी मिस लूटी गेन्स यांना मोलाची मदत केली.' कारकुनानं पुस्तकातून घेतलं असणार. त्याला दुसरं काही ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी त्याला सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी उठले. अंत्यविधीत असं मध्येच कुणी उठत नाही आमच्याकडे. मी म्हणाले की वर्ग मिस ओझेलांचा होता, स्वयंपाकघर त्यांचं, फॉर्म त्यांनी डोक्यात भरून आणलेला. आणि शिकायला बसलेली माणसं ही होती. मग नावं घेऊ लागले. वही आणली नव्हती, पण पाठ आहेत असं मला वाटत होतं. नऊ नावं घेतली. दहावं घेतलं. अकरावं आठवेना. सगळे माझ्याकडे बघत होते, वेंडेल पुढच्या बाकावरून उठून हॅट उचलून चालू लागला होता, आणि माझ्या डोक्यात काही येईना.

"क्लीओफस टर्नर," मागून आर्डेलिया म्हणाली. ती बसूनच होती, माझ्याकडे बघतही नव्हती.

मी ते नाव मोठ्यानं म्हटलं. आजोबांचं नाव घेतलं नाही, ते टेबलाशी बसलेच नव्हते. मग मी खाली बसले आणि पाद्रीबुवांनी पुढचं गाणं सांगितलं.